कवळीचा डबा कुठपर्यंत आला

३ तारीख, सोमवार

आजपासून लिहायचं. मला हौस नाही. चौथीत शाळा सुटली, त्यानंतर पार्सलांवरचे पत्ते सोडले तर काही लिहिलं नाही. पण त्या ॲपवाल्या कंपनीतल्या पोरीची अट आहे. पार्सल कुठपर्यंत पोचलं ते फोनवर दाखवणारं ॲप सहा महिने फुकट. बदल्यात दर शनिवारी तिला फोनवर सांगायचं काय चाललं, काय अडलं. आणि त्यांच्या पानावर चार लोकांना दिसेल असा रिव्ह्यू टाकायचा, वर चांदण्या द्यायच्या, एक ते पाच.

"काकू, शनिवारपर्यंत विसरायला होतं. रोजचं रोज खरडून ठेवा," म्हणाली.

मी म्हटलं, "माझं अक्षर म्हणजे कोंबडीने उकरलेलं."

"मला कुठे दाखवायचंय? तुम्ही वाचून दाखवा."

फुकट ते पौष्टिक म्हणतात, माझा त्यावर विश्वास नाही. तोंडावर विचारलं, "फुकट देता म्हणजे आम्ही गोड बोलायचं का?" तर म्हणाली, "गोड बोलणारे पुष्कळ आहेत काकू. तुम्ही नका बोलू." बरी वाटली पोरगी.

हे सगळं कशासाठी, तर कवळीवाल्यांसाठी. दातांचे डॉक्टर मापं पाठवतात, हे कवळ्या बनवतात आणि आमचा टेम्पो त्या गावोगावच्या दवाखान्यांत नेऊन देतो. टेम्पो भावजी चालवतात, माझे धाकटे दीर. आमचे हे गेल्यापासून काउंटर माझ्याकडे आणि रस्ता त्यांच्याकडे. मागे दोन डब्यांची अदलाबदल झाली. कवळीवाले काउंटरवर येऊन म्हणाले, "बाई, चप्पल बदलली तर माणूस लंगडत का होईना घरी जातो. एकाची कवळी दुसऱ्याच्या तोंडात जात नाही. आता एक डबा जरी चुकला तरी मी मोठ्या कुरिअर कंपनीकडे जाणार."

ते गेले तर टेम्पो विकायचा. बाकीची पार्सलं म्हणजे दात कोरून पोट भरणं.

४ तारीख, मंगळवार

कबूल करते, गंमत आहे. प्रत्येक डब्यावर काळ्या रेघांचं स्टिकर लावायचं. निघताना फोन त्याच्यासमोर धरला की "निघालं". दारात दिलं की पुन्हा धरायचा, "पोचलं". ज्याने पाठवलं त्यालाही घरबसल्या दिसतं. मी दिवसभर येड्यासारखी फोन उघडून बघत होते, चहा दोनदा उतू गेला.

कवळीवाल्यांचा फोन आला, "बाई, मला दिसतंय! धरणापलीकडचं पोचलं!" लहान पोराला पतंग सापडावा तसा आवाज.

भावजी तेवढे कुरकुरले. "वहिनी, आता माझ्यावर पहारा का?"

म्हटलं, "पहारा डब्यावर आहे. तुम्ही डब्यात बसा, मग तुमच्यावर ठेवीन."

८ तारीख, शनिवार

पोरीचा फोन. मी वही घेऊनच बसले होते. अक्षरं मुंगीएवढी आहेत. "यशस्वीरीत्या नोंद झाली आहे" असलं काहीतरी येतं, ते वाचेपर्यंत टेम्पो पुढच्या गावाला पोचतो. आणि स्कॅन झालं की जो आवाज येतो तो मांजरीच्या शेपटीवर पाय पडल्यासारखा आहे, गिऱ्हाईक दचकतं.

मला वाटलं रागावेल. तिने विचारलं, "अजून?"

अजून चार गोष्टी सांगितल्या. परत, "अजून?" असं माणूस मी पाहिलं नाही. लोक "काही चुकलं तर सांगा हं" म्हणतात आणि सांगायला लागलं की तोंड फिरवतात. ही शिव्या खायला ताट मांडून बसली होती.

तिच्या मागे कुणीतरी म्हातारं माणूस खोकत होतं आणि "दूध बंद कर गं" असा आवाज आला. म्हटलं, "तुमच्या ऑफिसात स्वयंपाकघर आहे वाटतं?" "हो काकू, अगदी जवळ आहे." मोठ्या कंपन्यांत जेवणाखाण्याची सोय असते म्हणतात, खरं आहे. विचारलं, किती जण आहात? "जास्त नाही," म्हणाली. मोठ्या ठिकाणची माणसं आकडे सांगत नाहीत.

१० तारीख, सोमवार

सकाळी ॲप उघडलं तर अक्षरं बोराएवढी! "यशस्वीरीत्या" गेलं, नुसतं "झालं" येतं. मांजर पण गेली, आता टिचकी मारल्यासारखा छान आवाज. मी खुर्चीत बसूनच राहिले. आमच्या गल्लीतला दिवा बदलून घ्यायला मी किती खेटे घातले, देवाला ठाऊक. आणि इथे मी शनिवारी बोलले ते सोमवारी हजर. कुणा साहेबाच्या मानगुटीवर बसून तिने हे करून घेतलं असेल. मानलं.

१२ तारीख, बुधवार

मापांचा डबा द्यायला स्वतःच कवळीवाल्यांच्या कामाच्या खोलीत गेले. टेबलावर जबडेच जबडे. पुढ्यातला एक दात ते बारीक कानशीने घासत होते आणि मुद्दाम जरासा तिरका बसवत होते. मी म्हटलं, "अहो, वाकडा झाला." हसले. म्हणाले, "बाई, सगळे दात ओळीत उभे केले की लोकांना कळतं, विकतचे आहेत. जुना फोटो मागवतो, बघतो पूर्वी कुठला वाकडा होता, तसा करतो." माणूस खत्रूड आहे, पण हात बघत राहावेत असे.

ती कवळी वरच्या गावच्या एका बाईची. रविवारी तिच्या मुलीचं लग्न. "उद्या निघाली की उद्याच दवाखान्यात पाहिजे. शनिवारपर्यंत तिला सवय व्हायला हवी," असं चारदा बजावलं.

घरी आले तर तेलाची बाटली परत रिकामी. भावजी म्हणतात, टेम्पोच्या कड्यांना लागतं. टेम्पो आहे का पैलवान? आणि हल्ली माडीवर चहाला येत नाहीत, खालूनच हाका मारतात. टेम्पोत बसलं की मलमाचा वास येतो. म्हटलं, हा कसला वास? म्हणाले, कुणाच्या तरी पार्सलातून गळलं असेल.

१३ तारीख, गुरुवार

लग्नाचा डबा गेला. दुपारी फोन उघडला तर वरच्या गावची सगळी पार्सलं "पोचलं", "पोचलं", "पोचलं", डोळ्याचं पातं लवायच्या आत. आमचे भावजी म्हणजे वारा. एवढ्या वर्षांत त्यांचं कधी कौतुक केलं नाही, पण खरं ते खरं. कवळीवाल्यांना दिसलं, त्यांनीही लगेच फोन केला, "वा!" त्यांच्या तोंडून वा म्हणजे सुवर्णपदक.

१५ तारीख, शनिवार

आज पोरीवर तापले. भावजींची वाहवा वाचून दाखवली, तर अडखळत म्हणाली, "काकू, एक विचारू का? सगळी पार्सलं एकाच मिनिटात पोचलेली दिसतात. दवाखाना, शिंपी, घड्याळवाला… ही दुकानं अगदी शेजारीशेजारी आहेत का?"

म्हटलं, "तू उंटावरून शेळ्या हाक. आमचे भावजी ही लाईन किती वर्षं करतायत माहितीय? हात चलाख असतो एकेकाचा."

"तसं नाही, मला फक्त समजून घ्यायचं…"

"समजलं ना? लिही मग."

तिने लिहिलं. आणि परत "अजून?" मी म्हटलं, अजून काही नाही, आणि फोन ठेवला.

१७ तारीख, सोमवार

घात झाला.

कवळीवाले दार उघडायच्या आधी दारात. लग्नाचा डबा पोचलाच नाही. वरच्या गावच्या डॉक्टरांनी शुक्रवारी यांना फोन केला, शनिवारी केला. आणि ह्यांनी फोनमधलं "पोचलं" बघून डॉक्टरांनाच सुनावलं, तुमच्या दवाखान्यात शोधा, ड्रॉवर झाडा, असं आणि तसं. इकडे ती बाई मुलीच्या लग्नात बिनदातांची उभी राहिली. सगळ्या फोटोत तोंडावर रुमाल.

भावजींना विचारलं. जमिनीकडे बघून म्हणाले, "मी दिलंय वहिनी. मशीन सांगतंय ना, पोचलं म्हणून?"

मग काय राहिलं? डॉक्टर कशाला खोटं बोलतील? भावजी माझ्या घरचे. म्हणजे ॲप खोटं. कवळीवाल्यांनाही ते पटलं. थोडे निवळले. "म्हणजे तुम्हीही फसलात, मीही फसलो. हा डबा तुमच्या माथी मारत नाही बाई. पण ते खेळणं बंद करा."

ते गेल्यावर मी फोनला तोंडाने सांगितलं, तो लिहितो. रिव्ह्यू टाकला. एकच चांदणी. शून्य देता येत नाही म्हणून एक.

"हे ॲप खोटारडं आहे. डबा पोचला नाही तरी पोचला सांगतं. याच्यामुळे एका आईने मुलीच्या लग्नात तोंड लपवलं. फुकट दिलं तरी घेऊ नका."

टाकल्यावर पाणी प्यायले तेव्हा बरं वाटलं.

१८ तारीख, मंगळवार

पोरीचा फोन. मी भांडायला पदर खोचून तयार. ती म्हणाली, "काकू, मी वाचलं. त्या बाईंचं फार वाईट झालं." मग, "मी तुमच्या टेम्पोतून एक फेरी करू का?"

"कंपनी पाठवतेय का तुला?"

"हो, तसंच."

"तो रिव्ह्यू पुसायला लावतील ना तुझे साहेब?"

"आमच्याकडे कुणाचा रिव्ह्यू पुसत नाहीत काकू. तसं ठरवलंय."

कुणी ठरवलंय कोण जाणे. पण ज्याने ठरवलं त्याच्या छातीत दम आहे.

२० तारीख, गुरुवार

पोरगी सकाळी बसने आली. माझ्या अंदाजापेक्षा लहान. खांद्यावर पिशवी, चपलेचा अंगठा दोऱ्याने शिवलेला. एवढी मोठी कंपनी, पोरीला एक गाडी देत नाही. मी पण टेम्पोत बसले, काउंटर बंद ठेवून. भावजींचा चेहरा राखेसारखा.

पहिल्या दोन गावांत डबे पुढेच होते, त्यांनी खिडकीतून दिले, स्कॅन केले, ठीक. वरच्या गावाच्या अलीकडे चहाच्या टपरीवर गाडी थांबली. भावजी उतरले नाहीत. मग त्यांनी डोक्यावरची उन्हाची पट्टी खाली ओढली. तिच्या मागे आमची स्टिकरं! दर डब्याचं दुसरं स्टिकर, ओळीने चिकटवलेलं. एक स्टिकर फाटलं तर असावं म्हणून मीच त्यांना जोडीने देत होते. ते टपरीवर बसून पट्टीवरच्या स्टिकरांसमोर फोन धरायचे. टिक, टिक, टिक. पोचलं, पोचलं, पोचलं. डबे मागे पोत्यात.

मी तोंड उघडलं, तर पोरीने हळूच माझ्या हातावर हात ठेवला. विचारलं, "काका, मागे चढायला त्रास होतो का?"

भावजींनी पँट गुडघ्यापर्यंत वर केली. दोन्ही गुडघे भोपळ्यासारखे सुजलेले, वर मलमाचा थर. मला कळेना आधी रडू का ओरडू. तेलाची बाटली! मी त्या बाटलीवरून त्यांना किती बोलले!

मग सगळं बाहेर आलं. टेम्पोत चढ-उतार होत नाही. वरच्या गावी सगळी दुकानं पायऱ्यांची. म्हणून ते पोतंच्या पोतं नाक्यावरच्या किल्लीवाल्याकडे ठेवतात. तो चांगला माणूस, दिवसभरात ज्याचं त्याला नेऊन देतो. कधी चुकला नाही. त्या गुरुवारी त्याच्या बायकोच्या पोटात कळा सुरू झाल्या, तो दुकान ओढून पळाला. बाकीचं वाटून झालं होतं, डबा तेवढा आत. भावजींना सोमवारीच संशय आला होता, पण दुकानाला कुलूप आणि आपण फोनवर आधीच "पोचलं" केलेलं. काय सांगणार?

आपलेच दात, आपलेच ओठ.

किल्लीवाला आज परत आला होता. मुलगी झाली म्हणून हसत हसत पुढे आला आणि आमचे चेहरे बघून थांबला. डबा त्याच्या ड्रॉवरमध्ये, किल्ल्यांच्या जुडग्याखाली, जसाच्या तसा. पोरीने तो उचलला आणि पायऱ्या चढून स्वतः दवाखान्यात देऊन आली. मग पोतं घेतलं आणि शिंपी, घड्याळवाला, सगळ्यांचं वाटून आली. भावजींना एक शब्द बोलली नाही. उलट विचारलं, "काका, ह्या किल्लीवाल्या दादांसारखे अजून किती जण आहेत तुमच्या रस्त्यावर?" आणि लिहून घेत बसली. मी तिच्या जागी असते तर ह्या दोघांना पोत्यात घालून बांधलं असतं.

पुढे निघालो तेव्हा तिला फोन आला. टेम्पोचा खडखडाट, तरी ऐकू येत होतं. "हो, तो रिव्ह्यू खरा आहे, आमच्याच गिऱ्हाइकाचा… नाही, काढता येणार नाही… नाही, मी त्यांना सांगणार नाही बदला म्हणून… बरं. मी समजू शकते." फोन पिशवीत टाकला आणि भावजींना म्हणाली, "काका, पुढचं गाव कुठलं?"

साहेब असणार. माझ्यामुळे बोलणी खाल्ली पोरीने. नोकरीवर येतंय की काय.

२१ तारीख, शुक्रवार

कवळीवाले आले. डॉक्टरांनी त्यांना कळवलं होतं, डबा मिळाला. "सापडला ना? कुठे होता?" मी म्हटलं, "वाटेत." "बघा, ॲपने घोळ घातला! बरं झालं तुम्ही लोकांना सावध केलंत." मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. जन्मात पहिल्यांदा माझ्या तोंडाला कुलूप लागलं. त्यांनी तीन डबे ठेवले आणि गेले.

संध्याकाळी भावजी म्हणाले, "वहिनी, झालं ते झालं. खरं सांगितलं तर हे गेले आणि टेम्पो गेला. ॲपचं काय, कंपनी मोठी आहे, पचवेल. हत्तीला मुंगी चावली."

मलाही तसंच वाटतं. पण मुंगीने हत्तीला चावावं आणि माहुताची नोकरी जावी, हे बरं नाही.

२२ तारीख, शनिवार

पोरीचा फोन वेळेवर. मी वाट बघत होते, आता म्हणेल, काकू, तो रिव्ह्यू बदला. चूक आमची, तिच्याकडे पुरावा, तिने नुसतं म्हणायचं होतं. ती भावजींच्या गुडघ्यांबद्दल बोलली. चालकाच्या सीटमागे पत्र्याचा एक कप्पा ठोकून घेतला तर बसल्याबसल्या हात पोचेल, म्हणाली. किल्लीवाल्याच्या मुलीचं वजन किती भरलं ते विचारलं. आणि मग, "अजून?"

मीच विचारलं, "परवा फोनवर कोण ओरडत होतं तुला?"

"ओरडत नव्हते काकू. एक मोठं दुकान आमच्याकडे येणार होतं. थांबले ते."

"मग तुझे साहेब काय म्हणाले?"

हसली. बराच वेळ हसली. "साहेब म्हणाले, चालायचंच."

एकदा जरी म्हणाली असती "काकू, बदला", तर मी नसता बदलला. मी हट्टी आहे, मला माहीत आहे. पण ती म्हणालीच नाही. आता मी काय करू?

२३ तारीख, रविवार

केलं. भावजींना आधी सांगितलं. म्हणाले, "माझं नाव घालू नका." म्हटलं, "तुमचं नाव कशाला, काउंटर माझा आहे." मग फोनसमोर बसून बोलले.

"सोमवारी मी लिहिलं की हे ॲप खोटारडं आहे. ॲप खोटं बोललं नाही. आम्ही बोललो. डबा हातात न देता आमच्या माणसाने पोचलं असं दाबलं. त्याचे गुडघे गेलेत आणि त्याने मला सांगितलं नाही, कारण मला काही सांगायला गेलं की मी आधी ओरडते. डबा एका दुकानात अडकला होता. ॲपला जे दाखवलं ते त्याने दाखवलं. ह्या कंपनीतल्या पोरीने एकाच मिनिटात सगळी पार्सलं कशी पोचली ते आधीच विचारलं होतं, मी तिला गप्प केलं. लग्नातल्या त्या आईची माफी मागते. डॉक्टरांची मागते. ॲपला चार चांदण्या. पाचवी देत नाही, कारण फोन गरम होतो. वर जो रिव्ह्यू आहे तो पण राहू दे, लोकांना कळू दे मी कशी आहे."

टाकल्यावर बसले नाही. चप्पल घातली, तशीच कवळीवाल्यांच्या खोलीवर गेले आणि फोन त्यांच्या नाकासमोर धरला. म्हटलं, उद्या दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा आज माझ्याकडून वाचा.

त्यांनी चष्मा लावून वाचलं. परत वाचलं. कानस खाली ठेवली. माझ्याकडे बघितलं नाही. फोन उचलून वरच्या गावच्या डॉक्टरांना लावला. "डॉक्टर, मी तुम्हाला ड्रॉवर झाडायला सांगितलं होतं. माझं चुकलं. डबा आला नव्हता." एवढंच. मग मला म्हणाले, "बाई, तुम्ही जा."

गेले. दुसरं काय करणार?

२६ तारीख, बुधवार

डबा नाही. कालही नाही, परवाही नाही. मोठ्या कंपनीची लाल गाडी त्यांच्या गल्लीत उभी दिसली. कुणासाठी ते विचारलं नाही. भावजींनी सीटमागे कप्पा ठोकून घेतला. म्हणाले, "रिकामा कप्पा वहिनी, छान दिसतोय." मी म्हटलं, "टोमणे मारायला गुडघे लागत नाहीत, तेवढं बरं आहे."

त्यांना हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. पायऱ्या बंद, चढणं बंद, गाडी चालवली तर चालेल. मी सगळं नीट ऐकून घेतलं. मध्ये बोलले नाही. जमतं मला, जीभ चावून ठेवली की.

२९ तारीख, शनिवार

पोरीचा फोन यायच्या आधी ॲपच बदललं! "निघालं" आणि "पोचलं" यांच्या मध्ये एक नवं बटण, "ठेवलं". ते दाबलं की विचारतं, कुणाकडे? किल्लीवाला म्हटलं की पाठवणाऱ्याला दिसतं, "किल्लीवाल्याकडे ठेवलं, अजून हातात दिलेलं नाही." मग किल्लीवाला दारात देऊन आला की त्याच्या फोनवरून "पोचलं".

मला वाटलं होतं ते लोक कुलूप घालतील, की असं करू नका, तसं करू नका, स्टिकर जोडीने देऊ नका. हिने आमचा रस्ता होता तसा बघितला आणि तसाच फोनात घातला. किल्लीवाल्यासकट. जे चोरून चालत होतं ते आता उजेडात चालतं. असं डोकं मी पाहिलं नाही.

फोनवर म्हटलं, "साहेबांना सांग, ह्या बटणासाठी त्यांच्या पोरीचा पगार वाढवा." "सांगते," म्हणाली. मागे ते म्हातारं माणूस खोकत होतं. म्हटलं, "त्या तुमच्या ऑफिसातल्यांना आधी औषध दे, मग माझ्याशी बोल." म्हणाली, "देते. ते दुकान आलं काकू. तुमचे दोन्ही रिव्ह्यू वाचून आलं."

"दोन्ही?"

"पहिला वाचून थांबले होते. दुसरा वाचून म्हणाले, जिथे असलं छापून राहतं तिथे येतो." आणि मग नेहमीचं, "अजून?"

म्हटलं, फोन गरम होतो. तेवढं बघ.

३१ तारीख, सोमवार

टेम्पो निघायच्या बेतात आणि कवळीवाले दारात. हातात एक डबा. एकच. काउंटरवर ठेवला, स्टूल ओढलं आणि बसले.

"पोचेपर्यंत बसणार आहे," म्हणाले.

"दिवस जाईल."

"जाऊ दे."

डबा वरच्या गावचा. भावजींनी तो सीटमागच्या कप्प्यात ठेवला, दोन हातांनी, काचेचा असल्यासारखा. टेम्पो गेला. हे फोन हातात धरून बसले. मी पार्सलं घेतली, गिऱ्हाइकांशी भांडले, चहा केला. त्यांचा चहा गार झाला, दुसरा दिला, तोही गार केला. मध्येच म्हणाले, "ठेवलं. किल्लीवाल्याकडे." मी म्हटलं, "वाचता येतं मला." मग किती तरी वेळ काही नाही. हे उठून दारापर्यंत जायचे, परत बसायचे. मी एक पत्ता तीनदा चुकवला.

मग टिचकी वाजली. पोचलं.

त्यांनी विश्वास ठेवला नाही. बरोबर केलं. डॉक्टरांना फोन लावला, आवाज मोठा ठेवून, म्हणजे मलाही ऐकू यावा. डॉक्टर म्हणाले, "किल्लीवाला इथेच उभा आहे. आजोबा खुर्चीत आहेत, कवळी तोंडात आहे. बोलायचं म्हणतायत, थांबा." मग एक जाडसर आवाज आला, "ह्यो कोण? मी जेवायला जातोय." आणि फोन बंद.

कवळीवाले हसले नाहीत. त्यांनी दोन्ही गार चहा एकामागून एक पिऊन टाकले, स्टूल जागेवर ठेवलं आणि म्हणाले, "उद्या चार डबे आहेत."

"टेम्पो निघायच्या आत आणा," मी म्हटलं. "मागून पळत आलात तर कुणी थांबणार नाही."

ते गेल्यावर भावजींना फोन करून सांगितलं, कप्पा उद्या मोकळा ठेवा, चार डबे येतायत. पलीकडून नुसता इंजिनाचा आवाज. मग तोही बंद झाला. म्हटलं, "काय झालं, गाडी बंद पडली का?"

"नाही वहिनी. बाजूला घेतली. जरा थांबतो इथे. डोळ्यात काहीतरी गेलंय."

ह्या माणसाचं रोज एक नवीन. त्या बाजूची काच पुरती वर होत नाही, तरी किती दिवस चालवतायत. उद्या सकाळी डबे यायच्या आत ती दुरुस्त करून घेते.